बंद झालेला ‘ओपियम पूर ओम’: कोल्हापूरच्या हवेत कसा लावायचा, कसा जपायचा

इव्ह सां लोराँ या फ्रेंच फॅशन घराण्याचा पुरुषांसाठीचा परफ्यूम ‘ओपियम पूर ओम’ १९९५ साली बाजारात आला. तो घडवला जाक काव्हालिए यांनी. त्यांनीच १९९२ मध्ये जपानी डिझायनर इस्से मियाकेसाठी ‘लो दिस्से’ आणि १९९४ मध्ये त्याची पुरुषांची आवृत्ती केली होती. नव्वदीच्या दशकात पाणीदार, नुकत्याच धुतल्यासारख्या वासांची जी लाट आली, ती आणणाऱ्यांतले ते एक. त्याच काळात त्यांनी चक्रीफूल, मिरी, कोळिंजन (आल्याच्या कुळातली एक मुळी) आणि व्हॅनिला यांचा हा जड, गोड, ऊबदार वास रचला. नाव मात्र आधीचं आहे. बायकांचा ‘ओपियम’ १९७७ चा, जाँ आमिक आणि जाँ-लुई सिउझाक यांनी केलेला.

पुरुषांचा ओपियम दोन ताकदींत निघाला. ईडीटी म्हणजे ओ द त्वालेत, ही हलकी आणि जास्त तिखट. ईडीपी म्हणजे ओ द परफ्यूम, ही गडद आणि जास्त गोड. ईडीपी बंद होऊन बरीच वर्षं झाली. आज हातात येते ती बाटली जुन्या साठ्यातली, कुणा नातेवाइकाने परदेशातून आणलेली, नाहीतर कुणाच्या कपाटात पडून राहिलेली असते. अशी बाटली असलेल्यांसाठी आणि घेऊ पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. यातलं बरंचसं बंद झालेल्या दुसऱ्या कुठल्याही गोड-मसालेदार परफ्यूमलाही लागू पडतं.

एक गोष्ट आधी पक्की करावी. अशी बाटली न वापरता ठेवली म्हणून वाचत नाही. एकदा उघडली की आत हवा शिरते आणि वरचे नाजूक घटक ऑक्सिजनमुळे हळूहळू बदलत राहतात. बाटली दहा वर्षं तशीच राहिली तरी ते चालूच असतं. तेव्हा ती वापरायचीच; फक्त योग्य ऋतूत, मोजून आणि नीट ठेवून.

आधी नाकाची तयारी

या परफ्यूमचे मुख्य घटक असे: चक्रीफूल, ब्लॅककरंट, काळी मिरी, आलं, कोळिंजन, व्हॅनिला, ॲटलस पर्वतातला देवदार आणि तोलू बाल्सम. कोल्हापूरकराला यातले अर्धे वास घरात ओळखीचे आहेत. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायला खडा मसाला आणला जातो, त्यातलीच चार चक्रीफुलं आणि चमचाभर मिरी बाजूला काढावी.

झाकणाच्या लहान काचेच्या बाटल्या घ्या. एकीत दोन चक्रीफुलं मोडून, दुसरीत दहा-बारा मिऱ्या भरड करून, तिसरीत सुंठेचा तुकडा ठेचून टाका. चौथीत कोळिंजन. ते किराणा दुकानात मिळेलच असं नाही, काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं. तिथेच देवदाराचा तुकडाही मागा. आपला देवदार हिमालयातला आणि परफ्यूममधला मोरोक्कोच्या बाजूचा, पण दोन्ही एकाच कुळातले. तोलू बाल्सम हा दक्षिण अमेरिकेतल्या झाडाचा डिंक आहे. तो इथे सहज मिळणार नाही. त्याला सगळ्यात जवळचा म्हणजे पूजेच्या दुकानातला चांगला लोबान, न जाळता, नुसता कुटून. दोन्हींत दालचिनी आणि व्हॅनिला यांच्या मधला एक गोडसर, किंचित औषधी वास आहे. ब्लॅककरंट आपल्याकडे पिकत नाही. आइस्क्रीममधल्या स्वादावरून अंदाज येतो, पण परफ्यूममधला जास्त हिरवट आणि आंबट असतो, हे लक्षात ठेवायचं.

बाटल्या झाकून अर्धा तास ठेवा, मग एकेक उघडून दोन-तीन छोटे श्वास घ्या. लांब श्वास ओढला की मिरी आणि सुंठ नाकाला झोंबते आणि पुढचे वास कळत नाहीत. दोन बाटल्यांच्या मधे आपल्याच कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्यावा, नाक जागेवर येतं. कॉफीच्या बियांची गरज नाही. ज्या दिवशी गल्लीतल्या डंकावर मिरची कुटली जात असेल, त्या दिवशी हा प्रयोग पुढे ढकला.

हे दोन-तीन दिवस केलं की परफ्यूम उघडल्यावर ‘गोड आणि मसाल्याचा’ एवढंच न कळता चक्रीफूल कुठे संपतं आणि कोळिंजन कुठे सुरू होतं ते कळू लागतं. कोळिंजन आल्यापेक्षा थंड लागतं, त्यात कापराची किंचित छटा असते. या परफ्यूमची गोडी चिकट होत नाही, याचं बरंचसं श्रेय आमच्या मते कोळिंजनाला आहे.

घेताना काय तपासावं

बंद झालेल्या मालात नकली बाटल्या येतात आणि खऱ्या बाटलीत दुसरंच काही भरून विकणारेही असतात. त्यामुळे जाहिरातीतल्या एका फोटोवरून सौदा करू नये. विकणाऱ्याकडून चार फोटो मागा: खोक्याचा तळ, बाटलीचा तळ, फवाऱ्याची मान जवळून आणि उजेडासमोर धरलेली बाटली. खोक्याच्या तळावर छापलेला किंवा दाबून उमटवलेला बॅच नंबर आणि बाटलीखालचा नंबर एकच असायला हवा. फवारा काचेवर बसवणारं धातूचं कडं घट्ट आणि सरळ हवं. त्यावर पक्कड लावल्याचे ओरखडे दिसले तर बाटली उघडून भरलेली आहे, असं धरून चालावं. आतली नळी पातळ आणि पारदर्शक हवी, तळाला पोचणारी, फार लांब होऊन दुमडलेली नव्हे. रंग पिवळसर ते तपकिरी काहीही असू शकतो. त्यात तरंगणारे कण मात्र नकोत.

बाटली साधारण कुठल्या काळातली, ते खोक्यावरून कळतं. युरोपीय संघाच्या नियमानुसार ११ मार्च २००५ पासून २६ ॲलर्जीकारक सुगंधी घटकांची नावं खोक्यावर छापणं बंधनकारक झालं. लिनालूल, लिमोनीन, युजेनॉल, कुमरिन अशी लांबलचक यादी असेल तर खोकं त्या सुमाराचं किंवा नंतरचं. फक्त अल्कोहोल, पाणी आणि परफ्यूम एवढंच लिहिलेलं असेल तर बहुधा त्याआधीचं. उघड्या डबीचं चिन्ह आणि त्यात महिन्यांचा आकडा, हेही त्याच नियमाने आलं. शिवाय इव्ह सां लोराँचा परफ्यूमचा धंदा १९९३ मध्ये सानोफीकडे, १९९९ मध्ये गुच्ची समूहाकडे आणि २००८ मध्ये लोरेआलकडे गेला. खोक्यावर लोरेआलचं नाव असेल तर माल २००८ नंतरचा.

हे वय पाहायचं कशासाठी? एकाच नावाच्या जुन्या आणि नव्या बाटल्यांचा वास सारखा असेलच असं नाही. नियम बदलतात, घटक महाग होतात, कारखाना बदलतो. परफ्यूमच्या धंद्यात ओकमॉस हा एक दगडावर-झाडावर वाढणारा शैवाक वापरतात, आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाचा लांबचा भाऊबंद. त्यातल्या ॲट्रॅनॉल आणि क्लोरोॲट्रॅनॉल या दोन घटकांवर युरोपीय संघाने २०१७ मध्ये बंदी घातली आणि ऑगस्ट २०२१ नंतर ते असलेला माल तिथे विकता येईना. अशा एकेका नियमाने शेकडो परफ्यूमच्या कृती बदलल्या. त्यामुळे ‘जुनी बाटली’ म्हणून जास्त पैसे मागितले जातात, ते नेहमीच लुबाडणं नसतं. पण खात्री न करता द्यायचेही नाहीत.

शक्य असेल तर आधी ५ मिलीचा डिकँट, म्हणजे मोठ्या बाटलीतून काढलेला छोटा नमुना घ्यावा. वीस-पंचवीस वेळा लावून पाहायला तो पुरतो. कुरिअरने मागवताना पाठवणाऱ्याला रस्त्याने जाणारी सेवा निवडायला सांगा. परफ्यूममध्ये बहुतांश अल्कोहोल असतं, ते ज्वलनशील आहे आणि हवाई मालात अशा द्रवावर बंधनं असतात. बाटलीच्या तोंडाला नळाच्या कामाची पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळून ती झिपच्या पिशवीत घालायला सांगणं हेही तुमचंच काम.

पहिल्यांदा: कागदावर, मग अंगावर

बरेच दिवस पडून असलेल्या बाटलीच्या नळीत थोडा द्रव अडकलेला असतो आणि तो आतल्या मालापेक्षा लवकर खराब होतो. म्हणून पहिले तीन-चार फवारे बेसिनमध्ये सोडून द्यावेत. त्यावरून परफ्यूमची परीक्षा करू नये. चांगल्या बाटल्या लोकांनी याच चुकीपायी कवडीमोलाने देऊन टाकल्या आहेत.

चित्रकलेच्या दुकानात जलरंगाचा जाड कागद मिळतो. त्याच्या १ सेंमी रुंद, १२ सेंमी लांब पट्ट्या कापा. एका टोकाला वेळ लिहा, दुसऱ्या टोकावर १० सेंमीवरून एक फवारा. पहिलं मिनिटभर जवळ नेऊ नका, फक्त अल्कोहोल येतं. मग ५, १५, ३० मिनिटं, १ तास, ३ तास, ८ तास आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वास घ्या आणि दोन-दोन शब्दांत लिहून ठेवा. सुरुवातीला चक्रीफूल आणि ब्लॅककरंटची आंबूस गोडी असते. पंधरा मिनिटांनंतर मिरी, आलं आणि कोळिंजन पुढे येतात, तासाभराने देवदाराचा कोरडेपणा कळतो. तीन तासांपुढे व्हॅनिला आणि तोलू एकमेकांत विरघळलेले असतात, आणि खरं तर हा परफ्यूम तिथेच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टीवर जे उरतं ते आवडलं नाही, तर बाटली कितीही दुर्मीळ असो, घेऊ नये.

कागदावर पटल्यानंतर अंगावर. मसालेदार परफ्यूममध्ये त्वचेला त्रास देणारे घटक असतात, युजेनॉल आणि सिनामल ही नेहमीची नावं. त्यामुळे हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून चार बोटं वर, एक फवारा मारून २४ ते ४८ तास पाहा. लाल चट्टा किंवा खाज आली तर अंगावर लावू नका. जॅकेटच्या अस्तरावर लावून वापरता येईल.

ऋतू

कोल्हापुरात हा परफ्यूम दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंतचा आहे. गुऱ्हाळं पेटलेली असतात तोच हा काळ. या दिवसांत संध्याकाळी हवा कोरडी आणि गार होते, रात्री पारा १५ अंशांच्या आसपास येतो आणि वास त्वचेवरून सावकाश उठतो. एकामागून एक थर उलगडताना कळतात. हिवाळ्यातही दुपारी ऊन चढलेलं असतं, म्हणून वेळ संध्याकाळी सहानंतरची धरावी.

एप्रिल-मेमध्ये का नको? उष्णतेने सगळेच घटक भराभर उडतात. जे जड, गोड घटक एरवी कातडीला धरून राहून तासन्‌तास थोडे थोडे सुटले असते, ते एकदम बाहेर येतात. मिरी आणि कोळिंजन त्याखाली दबून जातात आणि उरतो नुसता पाक. लावणाऱ्यालाही डोकं जड वाटतं, शेजारच्याला तर त्याहून जास्त. पावसाळ्यात अडचण वेगळी. घाम वाळत नाही, कपडे पुरते सुकलेले नसतात, त्यांचा कुबट वास आणि व्हॅनिला एकत्र आले की काहीतरी आंबल्यासारखं वाटतं. जून ते सप्टेंबर बाटली कपाटातच राहू द्या. फारच इच्छा झाली तर रात्री जेवणानंतर, घरी, मनगटावर एक फवारा मारून नुसतं बसावं. त्यालाही वापरणंच म्हणतात.

लावण्याची पद्धत

आंघोळीचा साबण सौम्य असावा. लिंबाचा किंवा पुदिन्याचा तीव्र वासाचा साबण चक्रीफुलाशी भांडतो, चंदनाचा चालतो. सुवासिक केसतेल आणि वासाचा डिओ त्या दिवशी टाळा. काखेत ओली तुरटी फिरवली तरी काम होतं. अंग कोरडं करून जिथे परफ्यूम लावणार तिथे बिनवासाच्या व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवा. हिवाळ्यात आपली कातडी कोरडी पडते आणि कोरड्या कातडीवर परफ्यूम लवकर उडतो. खोबरेल नको, त्याचा स्वतःचा वास आहे.

मग १५ ते २० सेंमीवरून फवारा. ईडीपी असेल तर दोनच: एक छातीवर, बनियनच्या आत, एक मानेच्या मागे, केसांच्या रेषेखाली. ईडीटी असेल तर तिसरा कोपराच्या आतल्या बाजूला. दाढी केलेल्या गळ्यावर मारू नका, आग होते आणि काळपट डाग राहू शकतात. मनगटं एकमेकांवर घासायची सवय सोडून द्या. घासल्याने कातडी गरम होते आणि पहिला थर लवकर उडतो. उजव्या मनगटावर तर मुळीच नको. आपण हाताने जेवतो. प्रत्येक घासाबरोबर व्हॅनिला तोंडाशी येणार आणि पांढऱ्या रश्शाची चव जाणार.

बाहेर पडण्याआधी निदान अर्धा तास लावावा. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत चक्रीफूल टोकदार असतं आणि ते बंद गाडीत, लिफ्टमध्ये लोकांना सहन होत नाही. दुचाकीवर जाणार असाल तर जॅकेटची चेन वरपर्यंत लावा, नाहीतर राजारामपुरीतून रंकाळ्यापर्यंत जाईतो वाऱ्याने पहिला थर निघून गेलेला असतो. फवारा मारताना जवळ समई, उदबत्ती, गॅस पेटलेला नको.

कपड्यांवर सांभाळून. जुन्या, गडद झालेल्या ईडीपीचा पांढऱ्या सुती सदऱ्यावर पिवळा डाग पडतो आणि तो धुतल्यावर जाईलच असं नाही. रेशमी फेटा, सिल्कचा कुर्ता यांच्यावर कधीही नाही. लोकरी जॅकेटच्या अस्तरावर एक फवारा मात्र उत्तम. लोकर वास धरून ठेवते आणि दुसऱ्या दिवशीही तोलूचा मंद गोडवा राहतो.

आता कुठे लावावा. लॉनवरचं लग्न, हिवाळ्यातली संध्याकाळ, गच्चीवरची बैठक, पन्हाळ्याची थंड रात्र: इथे दोन फवारे खुशाल. वातानुकूलित हॉलमध्ये तीच हवा फिरत राहते, वास साचतो. तिथे छातीवरचा एकच. मिसळीला जाताना लावू नका. कटातल्या मसाल्याचा वास आणि अंगावरचा वास एकमेकांना मारतात आणि दोन्हींची मजा जाते. अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत लोक अंगाला अंग लागून उभे असतात, दवाखान्यात आजारी माणसं असतात. तिथे तो नकोच.

आणि सगळ्यात जास्त होणारी चूक: तासाभराने आपल्यालाच वास येईनासा होतो, म्हणून पुन्हा फवारा मारणं. वास गेलेला नसतो. एकच वास सतत आला की नाक त्याची दखल घेणं थांबवतं. खात्री करायची असेल तर तीन तासांनी घरातल्या कुणाला तरी हातभर अंतरावर उभं करून विचारा.

किती उरलंय, किती पुरेल

एका फवाऱ्यात साधारण ०.०७ ते ०.१ मिली निघतं. तुमच्या बाटलीचा नेमका आकडा काढता येतो. गुजरीतल्या सराफाकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा लहान डिजिटल काटा हवा. टोपण काढून बाटलीचं वजन करा, दहा फवारे मारा, पुन्हा वजन करा. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असल्याने असा परफ्यूम मिलीला साधारण ०.८३ ग्रॅम भरतो. समजा दहा फवाऱ्यांत ०.७५ ग्रॅम कमी झाले, तर ०.९ मिली गेलं, म्हणजे एका फवाऱ्याला ०.०९ मिली. हे दहा फवारे वाया घालवू नका. कागदी पट्ट्या आणि जॅकेटचं अस्तर यांवरच मारा.

५० मिलीच्या बाटलीत निम्मं, म्हणजे २५ मिली उरलंय असं धरू. ते सुमारे २७५ फवारे झाले. चार महिन्यांचा हंगाम, आठवड्यातून दोनदा, दर वेळी दोन फवारे: हंगामाला ७० च्या आत. म्हणजे चार हिवाळे निघतात. पातळी पाहताना काचेचा जाड तळ धरू नका, आतल्या पोकळीची उंची मोजा. मागून मोबाइलचा टॉर्च धरला की रेघ स्पष्ट दिसते.

ठेवायचं कुठे

उष्णता, उजेड आणि हवा हे तीन शत्रू. त्यातली उष्णता कोल्हापुरात सगळ्यात मोठी. वरच्या मजल्यावरचा माळा, पत्र्याखालची खोली, पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेलं कपाट: संध्याकाळी भिंतीला हात लावून पाहा, गरम लागली तर तिथे नको. घराच्या आतल्या भिंतीला टेकलेल्या कपाटाचा खालचा कप्पा चांगला. बाटली तिच्या खोक्यातच, उभी. बाथरूममध्ये रोज वाफ आणि गारवा आलटून पालटून होतो, तिथे कधीच नाही. आपल्याकडे कपाटात डांबराच्या गोळ्या टाकायची सवय आहे. त्या कप्प्यात परफ्यूम ठेवू नका. गोळ्यांचा वास खोक्यात आणि टोपणाभोवती मुरतो आणि पुढे प्रत्येक फवाऱ्याबरोबर येतो.

फ्रिजमध्ये ठेवावं का, असं नेहमी विचारलं जातं. न उघडलेली बाटली झिपच्या पिशवीत घालून मागच्या कोपऱ्यात ठेवली तर हरकत नाही. रोज काढायची बाटली नको. सतत गार-गरम होण्यानेच जास्त नुकसान होतं.

बाटली एक-तृतीयांशाच्या खाली आली की आत द्रवाच्या दुपटीहून जास्त हवा होते. तेव्हा उरलेलं छोट्या काचेच्या स्प्रे बाटल्यांत, ५ किंवा १० मिलीच्या, काढून ठेवावं. बाटल्या नव्या असल्या तरी मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून, दोनदा फवारून, ओतून टाका आणि उघड्या तोंडाने रात्रभर पूर्ण वाळू द्या. साबण वापरू नका, त्याचा वास राहतो. मोठी बाटली तासभर फ्रिजमध्ये ठेवली की काढताना कमी उडतं. मग तिच्या फवाऱ्याची वरची टोपी सरळ वर ओढून काढा, खाली बारीक नळीचं टोक दिसतं. त्यावर डिकँट करण्याची प्लास्टिकची बारीक नळी बसवून तिचं दुसरं टोक छोट्या बाटलीत सोडा आणि हळूहळू दाबा. धातूचं कडं पक्कडीने उपटायच्या फंदात पडू नका, काच तडकते. छोटी बाटली मानेपर्यंत भरा, पण थोडी जागा सोडा; उन्हाळ्यात द्रव फुगतो आणि काठोकाठ भरलेली बाटली गळते. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दोन फेरे, चिठ्ठीवर नाव, ईडीटी की ईडीपी आणि तारीख. प्लास्टिकच्या स्प्रे बाटल्या प्रवासात आठवडाभर चालतील, साठवणुकीला नाहीत.

बिघडलंय का?

रंग गडद होणं म्हणजे बिघडणं नव्हे. व्हॅनिलिन काळाबरोबर तपकिरी होतं, त्याला इलाज नाही आणि वासाचं त्याने फारसं बिघडत नाही. थंडीत द्रव धूसर दिसला तर खोलीच्या तापमानाला दिवसभर राहू द्या. बहुतेक वेळा निवळतो.

नेलपॉलिश किंवा आंबूस व्हिनेगरसारखा वास आला तर घड्याळ लावा. पाच-दहा मिनिटांत तो जाऊन मसाला वर आला, तर फक्त वरचा थर गेलाय. बाटली वापरण्याजोगी आहे, फक्त बाहेर पडण्याआधी पाऊण तास लावायची. अर्ध्या तासानंतरही आंबटपणा टिकून राहिला आणि व्हॅनिलाच्या जागी ओल्या पुठ्ठ्यासारखं काही येऊ लागलं, तर परफ्यूम संपला. त्याला दुरुस्ती नाही. अल्कोहोल किंवा दुसरं अत्तर मिसळून पाहू नका.

फवारा अडकला तर बहुतेक वेळा तोंडाशी डिंक साचलेला असतो. वरची टोपी काढून दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, पुरती वाळवा, परत बसवा. सुई घालून भोक मोठं केलं तर बारीक तुषार न येता धार येते.

बाटली संपल्यावर याच जातीच्या वासाचं काही हवं असेल तर चक्रीफुलाच्या वाटेने शोधा. गेर्लँचा ‘लँस्ताँ पूर ओम’ (२००४) चक्रीफूल आणि कोको यांच्यावर उभा आहे. लोलिता लेम्पिकाचा ‘ओ मास्क्युलँ’ (२०००) ज्येष्ठमधाकडे झुकतो. व्हिक्टर अँड रोल्फच्या ‘स्पाइसबॉम्ब’ (२०१२) मध्ये तिखटपणा आणि गोडी भरपूर आहे, पण कोळिंजनाची ती थंड धार नाही. तिन्ही आधी कागदी पट्टीवर, आठ तासांपर्यंत.

रिकामी झालेली खरी बाटली आणि तिचं खोकं विकत मागणारे लोक असतात. त्यात काहीतरी भरून ती पुन्हा ‘जुना साठा’ म्हणून फिरते. बाटली ठेवायची नसेल तर तळाचा बॅच नंबर सँडपेपरने घासून टाका, खोकं फाडा आणि फवारा मोडून मगच काचेच्या कचऱ्यात द्या.